भरल्या गाडीतली उपासमार

गाडी वापरली की झिजते, हे कोणीही समजून घेईल. टायर झिजतात, ब्रेकचे पॅड झिजतात, रबर कडक होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गाडी नुसती उभी ठेवली म्हणून तिची बॅटरी उतरते, आणि ती उतरू नये म्हणून मालकाने दर आठवड्याला खाली जाऊन तासभर हजेरी लावायची, हा नियम कोणी केला, कधी केला आणि आपल्याला न विचारता कसा काय लागू केला, याची एकदा रीतसर चौकशी झालीच पाहिजे. चहा घ्या. विषय मोठा आहे, उभ्या उभ्या सांगण्यासारखा नाही.

माझी गाडी हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा अन्याय एका कंपनीपुरता मर्यादित नाही. शोरूममधल्या मुलाने गाडी दाखवताना सांगितलं होतं, "काका, हिला चार्जिंगची भानगडच नाही. ही आपली आपण चार्ज होते." तुम्हीही हायब्रिड घेतली असेल, तर हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं गेलं असणार. ते लक्षात ठेवा. पुढे पुराव्यात लागणार आहे.

आता वस्तुस्थिती बघू. हायब्रिड गाडीत बॅटऱ्या दोन असतात. पहिली मोठी. गाडी ओढायला मदत करते ती ही. टोयोटाची पहिली प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीला आली. तिच्या पुढच्या पिढ्यांमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल एकापुढे एक जोडून सुमारे २०० व्होल्टची बॅटरी केलेली असे. आपल्याकडे २०२२ साली आलेल्या ग्रँड विटारा आणि हायरायडर या जोडगोळीच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे. तंत्र वेगळं, थाट तोच. हिची जाहिरात होते, हिच्यावर आठ-आठ वर्षांची वॉरंटी मिळते, डॅशबोर्डवर हिचं रंगीत चित्र असतं आणि त्यात बाण इकडून तिकडे धावत असतात.

दुसरी बॅटरी बारा व्होल्टची. साधी, शिशाची, आम्लाची. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधून काढलेल्या तंत्राची. हिचं चित्र कुठेही नसतं. ब्रोशरमध्ये हिच्यावर एक ओळ नसते. पण तुमची लाखो रुपयांची गाडी सुरू होणार की नाही, हे ठरवते ही.

आणि गंमत नाही, खरोखर गंभीर बाब अशी की, ही छोटी बॅटरी इंजिन फिरवतसुद्धा नाही. साध्या गाडीत सेल मारायला शे-दोनशे अँपिअर एका दमात लागतात, म्हणून तिथे दणकट बॅटरी देतात. हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीकडे असतं. छोटीने करायचं काय, तर गाडीतले संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीला बाकीच्या गाडीशी जोडणारे रिले ओढून बंद करायचे. कामाला काही क्षण पुरतात, करंटही बेताचाच लागतो. पण ते क्षण मिळाले नाहीत, तर मोठी बॅटरी तुडुंब भरलेली असून तिचा काडीचा उपयोग नाही. सोसायटीची खालची टाकी काठोकाठ भरलेली आहे, वरची कोरडी पडली आहे, आणि पंपाचं बटण वरच्या टाकीत पाणी असल्याशिवाय दाबलंच जात नाही, अशी ही रचना आहे. बांधणाऱ्या प्लंबरला कमिटीने दुसऱ्या दिवशी जिन्यात उभं केलं असतं. इथे मात्र त्याला अभियांत्रिकी म्हणतात.

बरं, छोटीला खायला कोण घालतं? साध्या गाडीत अल्टरनेटर असतो. हायब्रिडमध्ये तो नसतो. तिथे डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा डबा मोठ्या बॅटरीतली जास्त व्होल्टची वीज उतरवून छोटीला देतो. पण कधी? डॅशबोर्डवर 'रेडी' असं उमटलेलं असेल तेव्हाच. गाडी बंद केली की रिले उघडतात, मोठी बॅटरी सर्व बाजूंनी सुटी होते, आणि छोटीचं रेशन त्या क्षणाला थांबतं. पुढचा आदेश येईपर्यंत तिने साठ्यावर दिवस काढायचे.

आता तुम्ही म्हणाल, गाडी बंद आहे तर साठा संपेल कशाने? इथे खरा घोटाळा आहे. बंद गाडी बंद नसते. चोरांसाठीचा अलार्म जागा असतो. स्मार्ट चावीचा रिसीव्हर तुमची वाट बघत असतो. घड्याळ चालू असतं, संगणकांना आपली स्मरणशक्ती टिकवायची असते. आणि हल्लीच्या गाड्यांमध्ये मोबाईलचं सिमकार्ड बसवलेलं एक यंत्र असतं, ते गाडी कुठे आहे याची खबर कंपनीच्या सर्व्हरला देत असतं. गाडी स्टिल्ट पार्किंगमध्ये, माझ्या नावाच्या पाटीखाली, जिथे होती तिथेच आहे. ही खबर रोज पाठवायची कोणाला गरज आहे, मला कळलेलं नाही.

या सगळ्यांचा मिळून खर्च गाडीगाडीनुसार साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ऐकायला किरकोळ वाटतं. तसंच वाटावं अशी व्यवस्था आहे. आपण ३० धरू. दिवसाचे चोवीस तास, म्हणजे रोज ०.७२ अँपिअर-तास. महिन्याला जवळजवळ २२. छोटी बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल, तर महिन्याभरात निम्मी संपली. सहा महिन्यांचा हिशेब केला, तर जवळजवळ तीन बॅटऱ्या लागतात, आणि गाडीत दिलेली असते एक. हे गणित चौथीतलं पोरगं करील. ते कारखान्यात कोणी केलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

सहा महिने मी उगाच म्हटले नाहीत. आमच्या पिढीतल्या माणसांचं आयुष्य आता सहा-सहा महिन्यांत वाटलेलं आहे. मुलगी न्यू जर्सीत, मुलगा आणखी कुठे. अमेरिकेच्या विमानतळावरचा अधिकारी साधारण सहा महिन्यांचा मुक्काम मंजूर करतो, तेवढा काढून आपण परत येतो. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये खाली उतरून बघा. धुळीने पांढरी झालेली, कव्हर घातलेली, हवा उतरलेली गाडी दिसली, की समजा हिचे मालक नातवंडांकडे गेलेत. या माणसांनी कोणता गुन्हा केला? त्यांनी गाडी विकली नाही, भाड्याने दिली नाही, विमा वेळेवर भरला. आणि परत आल्यावर त्यांच्या हाती काय पडतं, तर चावीला दाद न देणारं लोखंड.

शिशाच्या बॅटरीची आणखी एक खोड आहे, तीही नोंदवून ठेवतो. पूर्ण भरलेली असताना ती १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. ११.९ च्या खाली म्हणजे संपली. आणि ती रिकाम्या पोटी पडून राहिली, की आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि दिवसेंदिवस कडक होत जातात. मग तुम्ही कितीही चार्ज करा, पूर्वीची क्षमता परत येत नाही. म्हणजे एकदा उपाशी ठेवली की कायमची अशक्त. वर आपल्याकडचा उन्हाळा. गरमीत बॅटरी आपली आपणही लवकर उतरते. एप्रिल-मेमध्ये अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच.

माझ्या बाबतीत प्रकरण परांचीवरून सुरू झालं. सोसायटीने रंगकाम काढलं. कंत्राटदाराला परांची नेमकी माझ्या पार्किंगपाशी उभी करायची होती. कमिटीचा निरोप न्यू जर्सीत आला: विषयांकित वाहन तातडीने हलवावे. मी समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाला फोन केला. चावी त्याच्याकडेच ठेवली होती. भला मुलगा आहे, लगेच खाली गेला आणि व्हिडिओ कॉल लावला.

चावीचं बटण दाबलं, गाडी गप्प. हँडलला हात लावला, गप्प.

"काका, दारच उघडत नाहीये."

मी सांगितलं, चावीच्या पोटात एक लोखंडी किल्ली असते, ती बाजूची खिट्टी दाबून बाहेर काढ. ती निघाली. आता ती घालायची कुठे? दाराला भोक नाही. भोक असतं, पण हँडलच्या टोकाला असलेल्या रंगीत टोपीखाली लपवलेलं असतं. गाडीवर भोक दिसलं तर तिची शोभा जाते, असं कोणी तरी ठरवलेलं आहे. त्या मुलाने नखाने टोपी काढली, ती हातातून सुटली आणि गडगडत शेजारच्या स्कूटरखाली गेली. वॉचमन ओणवा होऊन टॉर्च मारायला लागला. दार एकदाचं उघडलं. आत मिट्ट काळोख. बटण दाबलं, काही नाही. डॅशबोर्डवर एक ठिपका नाही.

तेवढ्यात वॉचमनने आपल्या देशात शतकभर चालत आलेला तोडगा सुचवला. "साहेब, धक्का मारू का?"

वाचकहो, हा प्रश्न ऐकून मला भरून आलं. धक्का मारणं ही आपल्याकडची नुसती दुरुस्ती नव्हती, ती एक सामाजिक संस्था होती. फियाट असो, अँबॅसिडर असो, जीप असो, चार अनोळखी माणसं न बोलावता यायची, खांदा लावायची, ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, गाडी एक हिसका देऊन धडधडायची, आणि ती चार माणसं नाव न सांगता निघून जायची. हायब्रिडने ही संस्था मोडीत काढली. तिच्यात क्लच सोडायचा प्रश्नच येत नाही. धक्क्याने इंजिन फिरतच नाही. फार कशाला, ती जागची हलतसुद्धा नाही. गिअर 'पी'मध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवायला वीज लागते. हँडब्रेक बटणाचा असतो आणि तो उतरवायलाही वीज लागते. ज्या कारणासाठी धक्का मारायचा, त्याच कारणाने ती हलत नाही. कंत्राटदाराने अखेर परांची गाडीला वळसा घालून बांधली, आणि माझ्या पार्किंगमागच्या भिंतीचा तेवढा पट्टा जुन्या रंगाचा राहिला. तो आजही तसाच आहे, कोणीही येऊन पाहू शकतं.

त्यावरही कडी म्हणजे ॲप. आदल्या आठवड्यात मध्यरात्री न्यू जर्सीत माझ्या फोनवर संदेश आला होता: आपल्या वाहनाची बॅटरी कमी झाली आहे, कृपया वाहन चालवावे. साडेबारा हजार किलोमीटरवरून कृपया चालवावे! शिवाय हा निरोप धाडायला लागलेली वीज त्याच उतरत्या बॅटरीतून घेतलेली. शेवटचे घोट कोणाला द्यायचे, दाराच्या कुलपाला की मला मध्यरात्री उठवणाऱ्या यंत्राला, याचा निर्णय कोणीतरी घेतलेला आहे. तो आपल्या बाजूने लागलेला नाही.

मग कंपन्या म्हणतात, पुस्तिका वाचा. वाचली. सांगणं असं आहे की, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अधूनमधून 'रेडी'मध्ये ठेवावी. २०२० च्या टाळेबंदीत जगभर गाड्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा टोयोटाच्या ब्रिटनमधल्या शाखेने हायब्रिडवाल्यांना आठवड्यातून निदान एकदा, सुमारे ६० मिनिटं गाडी 'रेडी'मध्ये ठेवायला सांगितलं होतं. सल्ला खरा आहे, आणि बॅटरी वाचवायची तर मीही तुम्हाला तोच देईन. पण पाळणार कोण? ज्याला गाडी वापरायची आहे, तो तिला रोजच 'रेडी' करतो. ज्याला हा सल्ला हवा आहे, तो व्याख्येनेच तिथे नाही.

मग ही जबाबदारी येते शेजाऱ्यावर. त्याला काय काय शिकवावं लागतं, ते बघा. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाब. नुसतं बटण दाबलंस तर गाडी अर्धवट जागी होते, पडदा लागतो, गाणी लागतात, पण चार्जिंग होत नाही, उलट साठा संपतो. समोरचा मुलगा पहिल्या खेपेला अर्धा तास गाणी ऐकत बसला होता. त्याची समजूत अशी की दिवे लागले, गाणी लागली, म्हणजे गाडी चालू आहे. मी त्याला दोष देत नाही. जगातली कोणतीही सरळ वस्तू दिवे लागले की चालूच असते. 'रेडी' शब्द दिसायलाच हवा. गिअर 'पी'मध्येच हवा. 'एन'मध्ये ठेवलास तर मोठी बॅटरी भरत नाही. एसी बंद. टाकीत पेट्रोल हवं, कारण मोठी बॅटरी खाली आली की इंजिन आपल्या मर्जीने सुरू होतं आणि आपल्या मर्जीने थांबतं. आणि बंदिस्त गॅरेजमध्ये हा प्रकार चुकूनही करायचा नाही. इंजिन कधी लागेल ते सांगता येत नाही, आणि कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठला तर माणूस जिवाला मुकतो. हे शेवटचं वाक्य मी त्याला दोनदा म्हणायला लावलं.

या सर्व सूचना अमलात आल्यावर काय होतं? रविवारी दुपारी गाडी मूग गिळून उभी. वॉचमन येऊन सांगतो, चालूच झाली नाही. मग अचानक इंजिन घरघरतं आणि पहिल्या मजल्यावरच्या बाई दचकून उठतात. त्यांचा लेखी अर्ज कमिटीकडे गेला: सदर वाहन चालक नसताना आपोआप सुरू होते, सबब रहिवाशांत भीतीचे वातावरण आहे. बाईंचं म्हणणं खोटं नाही. माझंही खोटं नाही. दोन निरपराध माणसांना समोरासमोर उभं करून तिसराच नामानिराळा राहिला.

तुम्ही म्हणाल, बॅटरी मेंटेनर लावा. छोटासा चार्जर असतो, भिंतीतल्या प्लगमध्ये घालायचा, बॅटरीला लावून विसरायचं. ती भरली की तो आपला आपण हात आखडता घेतो. उपाय उत्तम आहे. ज्याच्याकडे स्वतःचं गॅरेज आणि त्यात प्लग आहे, त्याने आजच आणावा. पण स्टिल्ट पार्किंगमध्ये प्लग कुठला? मी अर्ज केला. महिन्याला या बॅटरीचा खर्च होतो पाव युनिटाच्या किंचित वर. चार्जरची स्वतःची भूक धरली तरी रक्कम दोन आकड्यांतच राहते. मी वर्षाचे पैसे आगाऊ भरायला तयार होतो. कमिटीत चर्चा झाली आणि उत्तर आलं: एकाला दिलं तर पायंडा पडेल. स्वतंत्र मीटर, सर्व सभासदांची ना हरकत आणि वार्षिक सभेची मंजुरी घेऊन यावं. वार्षिक सभा पावसाळ्यानंतर. बॅटरीचा अंत त्याच्या कितीतरी आधी.

त्याच बैठकीत विजेच्या गाडीवाल्या एका सभासदाला चार्जिंग पॉइंट मंजूर झाला. मी त्यांच्या विरोधात नाही. त्यांच्या गाडीला हिरवी पाटी आहे, राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण आहे. माझ्या गाडीला पांढरी पाटी. सरकारच्या लेखी माझी गाडी पेट्रोलची. म्हणून २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बहुतेक हायब्रिडवर उपकर धरून ४३ टक्के आणि विजेच्या गाडीवर, पुढे दर उतरल्यावर, ५ टक्के. पेट्रोलपंपावर माझी गाडी पेट्रोलची. कर भरताना पेट्रोलची. फक्त बॅटरी उतरायच्या वेळी तेवढी विजेची. अशा दोन्हीकडून वगळलेल्या वर्गासाठी या देशात साधारणपणे आयोग नेमतात.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा, हाही सल्ला मिळतो, आणि सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी खरं सांगायचं तर तोच सर्वांत भरवशाचा आहे. दहा नंबरचा पाना लागतो आणि पाच मिनिटं. पण मग अलार्म मेला. सेंट्रल लॉकिंग मेलं. परत जोडल्यावर घड्याळ शून्यापासून, काचांना वर-खाली जायची पद्धत नव्याने शिकवायची. आणि ज्या गाड्यांमध्ये छोटी बॅटरी मागे डिकीत असते, त्यांच्यात पुढचा पेच. प्रियसच्या काही पिढ्यांमध्ये बॅटरी डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर. बॅटरी उतरली की डिकी उघडत नाही, डिकी उघडली नाही की बॅटरीला हात लागत नाही. मालकाने पुढच्या दारातून शिरून, सीट ओलांडून, आतून चाचपडत खटका शोधायचा. जंप स्टार्टसाठी पुढे बॉनेटखाली एक टोक काढून दिलेलं आहे, हे मान्य. पण लोक आणीबाणीची जम्पर केबल ठेवतात कुठे? डिकीत.

इथे कंपन्यांची बाजूही मांडायला हवी, आणि ती मी मांडतो. गाडी बंद असताना मोठी बॅटरी सुटी ठेवतात ती सुरक्षेसाठी. दोनशे व्होल्ट म्हणजे खेळ नाही. अपघात झाला, मेकॅनिकने हात घातला, तर त्या नारिंगी केबलमध्ये वीज असता कामा नये. हे योग्य आहे. पण मग अनेक विजेच्या गाड्या उभ्या असताना आपल्या मोठ्या बॅटरीतून छोटीला मधूनमधून भरवतात, त्या कशा? त्यांच्या केबलही नारिंगीच असतात. छोटी खाली आली की त्या क्षणभर जाग्या होतात, तिला पाजतात, पुन्हा झोपतात. त्यांना जमतं.

दुसरा पुरावा आणखी सज्जड आहे. ह्युंदाईने आयोनिक हायब्रिड नावाची गाडी काढली होती. अमेरिकेत २०१७ पासून विकली गेली, आपल्याकडे आलीच नाही. तिच्यात छोटी बॅटरीसुद्धा लिथियमची होती. ती ठरावीक पातळीखाली उतरली की गाडी स्वतःच तिला बाकीच्या तारांपासून तोडायची आणि थोडा साठा राखून ठेवायची. मालकाने येऊन डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं की तो साठा जोडला जायचा आणि गाडी सुरू व्हायची. कोणाला हाक नाही, केबल नाही, स्कूटरखाली गेलेली टोपी नाही. एक बटण. किआच्या नीरो हायब्रिडमध्येही हीच सोय होती. म्हणजे हा निसर्गनियम नाही. बटण बसवलं गेलं आहे, ते दाबलं गेलं आहे, आणि ते चाललेलं आहे.

तिसरा पुरावा मला सर्वांत जिव्हारी लागतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की, स्मार्ट चावीचा वापर पाच दिवस झाला नाही तर दार उघडायला थोडा वेळ लागेल, आणि चौदा दिवस झाला नाही तर ड्रायव्हरच्या दाराखेरीज बाकी दारं त्या सोयीने उघडणार नाहीत. कारण? बॅटरी वाचवणं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. गाडीला कळतं. मालक चौदा दिवस फिरकला नाही, हे गाडीला ठाऊक असतं. त्यावर ती कार्यवाहीही करते: डाव्या दाराची सोय काढून घेते. एवढी अक्कल तिला दिलेली आहे. मग पंधराव्या दिवशी शेजारच्या भरल्या बॅटरीतून चार घोट घ्यावेत, एवढी पुढची अक्कल कोणी अडवून धरली? घड्याळ, अलार्म, मोबाईल यांना शेवटी पाणी तोडावं आणि रिले ओढण्यापुरता साठा राखावा, हे तिला का शिकवलं नाही? सहा महिन्यांची भूक मोठ्या बॅटरीनेही भागणार नाही, हे मला मान्य आहे. मी सहा महिने मागतच नाही. परत येईन त्या दिवशी लागणारे ते काही क्षण मागतो.

म्हणून आता आपण सर्वांनी मिळून मागायचं ते एवढंच. पहिलं, बॅटरी एका पातळीच्या खाली जाऊ लागली की गाडीने खबरा पाठवणं थांबवावं आणि सुरू होण्यापुरती वीज राखून ठेवावी. दुसरं, राखीव साठा जोडणारं एक बटण प्रत्येक हायब्रिडमध्ये असावं, आणि ते डिकीत नसावं. तिसरं, शोरूममध्ये 'आपली आपण चार्ज होते' असं सांगणाऱ्याने पुढचा भागही त्याच आवाजात सांगावा: फक्त तुम्ही आत बसलेले असाल तर. चौथं, सोसायट्यांनी पांढऱ्या पाटीच्या गाडीलाही एक प्लग द्यावा, मीटर लावून, पैसे घेऊन.

हे होईपर्यंत वर्षं जातील, हे मी जाणून आहे. तोवर विमानाचं तिकीट काढण्याआधी आपली छोटी बॅटरी नेमकी कुठे बसवली आहे ते शोधून ठेवा, दहा नंबरचा पाना आणि लोखंडी किल्ली दोन्ही घरातल्या एका खणात ठेवा, आणि चावी अशा शेजाऱ्याकडे द्या, जो 'रेडी' हा शब्द बघितल्याशिवाय गाणी लावणार नाही. असा शेजारी मिळत नसेल, तर निघायच्या दिवशी निगेटिव्ह केबल काढूनच टॅक्सीत बसा.